उघडलंच आहे तर

एका दुपारचं काम होतं. हे मी रागाने म्हणते आहे, पण खोटं म्हणत नाही. आत्याच्या गाडीतल्या पेट्रोलच्या रबरी नळ्या जुन्या झाल्या होत्या. त्या कापून काढायच्या, नव्या बसवायच्या, क्लॅम्प आवळायचे, संपलं. चौकातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याने चहा गार व्हायच्या आत केलं असतं. पण गाडी पडली माझ्या वडिलांच्या हातात, आणि बाबांचा सगळा जन्म विमानं दुरुस्त करण्यात गेला होता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. रस्ते खात्यात नकाशे काढायची. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत तिने ही गाडी जुन्यातच घेतली होती. दोन माणसांची, हिरवी, कापडी टपाची, आणि इतकी बुटकी की शेजारचे लोक म्हणत, ही गाडीत बसून येत नाही, गाडी घालून येते. आत्या तिला बेडकी म्हणायची. पुढे तिने फ्लॅट घेतला तिथे गाडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून बेडकी आमच्या घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये आली आणि कापडाखाली झोपून राहिली. आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. वर्षातून एकदोनदा आली तर यायची, गाडीच्या बॉनेटवर एक थाप मारायची आणि जायची.

मागच्या थंडीच्या सुरुवातीला ती अशीच आली आणि जेवता जेवता म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्यात."

बाबांचा घास हातातच राहिला.

"पडद्याचा मधला भाग खराब होतोय म्हणे. इलाज नाही. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं जाईल." तिने पाण्याचा घोट घेतला. "आत्ता दिवसाउजेडी गाडी चालवायला हरकत नाही म्हणालेत. पण चालवायची तर आत्ताच, उन्हाळ्याची वाट बघू नका, असंही म्हणालेत. तेव्हा धाकट्या, माझी बेडकी काढ. मला एकदा घाटातून खाली समुद्रापर्यंत जायचंय. मी चालवत. मग खुशाल भंगारात घाल."

त्या घाटरस्त्याचं प्रत्येक वळण आत्याने कागदावर काढलेलं होतं. साहेबांनी सह्या केल्या, मंत्र्यांनी फिती कापल्या, पण कुठल्या वळणाला किती उतार द्यायचा हे ठरवताना पेन्सिल हिच्या हातात होती. रस्ता झाला तेव्हा पहिल्याच रविवारी ती बेडकी घेऊन एकटी उतरली होती. त्या दिवसाबद्दल बोलायला लागली की आमची आत्या वीस वर्षांची होऊन जायची.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कापड काढलं. गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास भरलेला होताच. आम्हाला त्याची सवय झाली होती, बाबांना मात्र झाली नव्हती. ते टॉर्च घेऊन गाडीखाली गेले आणि बाहेर आले ते नकारार्थी मान हलवतच. एक नळी त्यांनी कापून आणली, ब्लेडने उभी चिरली आणि आमच्यापुढे धरली. बाहेरून धडधाकट दिसणारं ते रबर आतून सुकून त्याची भुकटी झाली होती. बोट फिरवलं तर काळं झालं.

"हल्लीच्या पेट्रोलमध्ये जे मिसळतात ना, ते जुन्या रबराला आतून खातं," बाबा म्हणाले. "ही नळी तापलेल्या इंजिनावर गळली तर पेटेल. असल्या नळ्यांवर मी तुला घाटात सोडणार नाही, ताई."

"मग बदल की. कोण नाही म्हणतंय?"

इथपर्यंत बाबांचं बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर होतं. नव्या नळ्या आल्या, आणि त्याच आठवड्यात त्या बसल्याही. त्यानंतर मी पहिल्यांदा ते वाक्य ऐकलं, जे पुढे मला स्वप्नात ऐकू यायला लागलं.

"उघडलंच आहे तर खालचा लोखंडी पाइपही बघून घेतो."

बाबा विमानं दुरुस्त करायचे त्या हँगरमध्ये एक रीत होती. एक भाग काढला की त्याच्या शेजारचा प्रत्येक भाग तपासायचा, आणि ज्याच्याबद्दल जराही शंका येईल त्याला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठी बांधली की ते विमान हलत नाही, मग आत मंत्री बसलेला असो. बाबांनी त्या रिकाम्या लाल चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा निवृत्त होताना घरी आणला होता. मला वाटायचं, आठवण म्हणून. पहिली चिठ्ठी लोखंडी पाइपला लागली. त्यावर नखाएवढा गंज होता. नवा पाइप आणून तो वाकवायचा, त्याची टोकं फुलवायची, यात पंधरवडा गेला. पाइप जोडायचा तर टाकी उतरवावी लागते, आणि टाकी उतरवलीच आहे तर आतून धुवायला नको का? टाकीला चिठ्ठी लागली. मग पंपाला. बेडकी चारी बाजूंनी स्टँडवर चढलेली, आणि पोटाखाली लाल चिठ्ठ्या लोंबताहेत, असं दृश्य मी रोज दवाखान्यात जाता-येता बघत होते.

मी दातांची डॉक्टर आहे. शेवटी एकदा तोंड उघडलंच. "बाबा, एक दात किडला म्हणून आलेल्या माणसाची मी अख्खी बत्तिशी काढून टेबलावर मांडत नाही."

"विमान हवेत असताना कडेला घेता येत नाही," बाबा म्हणाले.

"पण ही जमिनीवरून चालते!"

"घाटात कडेला दरीच असते."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ते आवाज चढवत नाहीत, फक्त बरोबर असतात.

आत्या दर रविवारी यायला लागली. दोन बस बदलून सकाळी हजर. गॅरेजमध्ये पेट्रोल उघडं असल्यामुळे बाबांनी हीटर लावायला बंदी केली होती, त्यामुळे ती अंगाभोवती ब्लँकेट गुंडाळून एका स्टुलावर बसायची आणि टॉर्च धरायची. मग दोघांची तोंडं सुरू व्हायची. शाळेची काच कोणी फोडली होती आणि मार कोणी खाल्ला, आजोबांच्या घड्याळाचे काटे कोणी काढले, या प्रकरणांचा निकाल साठ वर्षांत लागला नव्हता तो दर रविवारी लागायचा आणि पुढच्या रविवारी फिरायचा. आई गेल्यापासून बाबा माझ्याशी मीठ दे, दिवा घालव, एवढंच बोलत. रविवारी मात्र स्वयंपाकघरात मला भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू यायचं. खदाखदा. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

पण आत्याचं दिसणंही रविवारागणिक कमी होत होतं. एकदा तिने चहा कपाच्या शेजारी ओतला आणि "बशीलाही तहान लागली असेल" म्हणून हसण्यावारी नेलं. एकदा माझ्या दवाखान्याची पाटी बदलली का म्हणून विचारलं. पाटी तीच होती.

आणि मग तो रविवार आला. मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले तेव्हा बाबा पंपाचा शेवटचा नट आवळत होते. त्या दिवशी सगळं जागेवर बसलेलं होतं. चिठ्ठी एकही नव्हती. आत्या टॉर्च धरून बसली होती, पण उजेड पंपावर नव्हता, एक वीत बाजूला, चाकावर पडला होता. तिला ते कळत नव्हतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं मनगट धरून हळूच टॉर्च वळवला आणि काम पुरं केलं.

मला वाटलं, आता घेतात गाडी खाली. आता म्हणतात, चल ताई, उद्याच निघ.

सोमवारी दवाखान्यातून आले तर कार्बोरेटर सुटा होऊन वर्तमानपत्रावर मांडलेला होता.

मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांना ऐकून घ्यावं लागलं. "तुम्ही काल बघितलंत ना? स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत ना?" असं दोनदा विचारलं. बाबा कार्बोरेटरचं एकेक बारीक भोकाचं जेट उजेडाकडे धरून त्यातून बघत राहिले. "सगळ्या नव्या नळ्या जोडायच्या आणि कार्बोरेटर घाण ठेवायचा, हे बरोबर नाही," एवढंच म्हणाले. मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "करू दे गं. त्याचा स्वभाव आहे. मी कुठे पळून चाललेय?"

कार्बोरेटरची गास्केटं, सांध्यात बसवायच्या त्या पातळ चकत्या, कुठून कुठून मागवावी लागली. ती आली तोपर्यंत सकाळी स्वेटर घालायची गरज उरली नव्हती.

बेडकी शेवटी जमिनीवर आली. बाबांनी तिला धुतलं, पुसलं, टायरमध्ये हवा भरली. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं. ते खाली पुठ्ठा घालून इंजिन कितीतरी वेळ चालू ठेवून बसले. पुठ्ठ्यावर एक थेंब पडला नाही. वास नाही, गळती नाही, काही नाही. खरं सांगते, इतकं सुरेख काम मी पाहिलेलं नाही. त्यांनी आत्याला फोन लावला आणि म्हणाले, "ताई, झाली."

ती टॅक्सीने आली. बसचे नंबर वाचता येत नाहीत, हे तिने आम्हाला सांगितलं नव्हतं. डोक्याला रुमाल बांधला होता, पूर्वी टप उघडा टाकून निघताना बांधायची तसा. बॉनेटवर थाप मारली, वाकून सीटमध्ये उतरली, आरसा सारखा केला. किल्ली फिरवली. इंजिनाचा आवाज ऐकून तिचा चेहरा असा उजळला की मी सगळा राग विसरले. मी गॅरेजचं दार सताड उघडलं आणि तिला हात दाखवायला रस्त्याच्या कडेला, गाडीच्या अगदी समोर उभी राहिले.

गाडी हलली नाही.

"समोर कोण आहे?" आत्याने विचारलं.

"मी आहे, आत्या."

"तू होय." तिने मान थोडी एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या बाजूला. "मला खांदे दिसताहेत. चेहरा नाही दिसत गं."

तिने इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "नाही जमायचं. कुणाला तरी मारीन मी."

बाबा पुढे आले. "मी चालवतो. तू शेजारी बस. सगळा घाट उतरू, हळूहळू जाऊ. तू सांगशील तिथे थांबू."

"मला घाट बघायचा नव्हता, धाकट्या. चालवायचा होता." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "आणि बघायचं म्हटलं तरी आता काय दिसणार? तू जाऊन ये. काम छान झालंय. आवाज ऐकला मी."

ते "छान झालंय" बाबांच्या वर्मी लागलं. ते स्टुलावर बसले. त्यांचे हात मी असे रिकामे कधी पाहिले नव्हते.

"टाकी चांगली होती, ताई."

"काय?"

"टाकी. तिला काही झालं नव्हतं. पंपालाही नाही. कार्बोरेटर तर मी उगाच उघडला." ते खाली बघून बोलत होते. "आधी मला खरंच काळजी होती. नळ्यांची, पाइपाची. मग नव्हती. मग मला वाटायला लागलं, गाडी झाली की तू जाशील. पुन्हा वर्षातून एकदा येशील, ह्या पत्र्याला थाप मारशील आणि जाशील. तुला कमी दिसायला लागलंय हे मला दिसत होतं. तरी मी उघडत गेलो."

मला वाटलं, आता आत्या त्यांना दोन शब्द सुनावेल. सुनावायलाच हवे होते. माझ्या ओठांवर तर दहा तयार होते.

आत्याने रुमालाची गाठ सोडली.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "गाडीसाठी कोण येत होतं? मला त्या पंपातलं काय कळतं? त्या थंडीत मी तिथे काय नळ्या बघायला बसत होते?" तिने रुमाल मांडीवर टाकला. "तू म्हणायचंस, ताई, रविवारी ये. दोन काय, चार बस बदलून आले असते. इतक्या वर्षांत एकदा म्हणायचंस."

बाहेर रस्ता रिकामा होता आणि ऊन गाडी चालवायला अगदी हवं तसं पडलं होतं.

"चला, काढा मला यातून," आत्या म्हणाली. "बसता येतं, उठता येत नाही. फार बुटकी आहे मेली."

बाबा उठले, दार उघडून तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी तिला उठवायला हात पुढे केला. हात तिच्या तोंडासमोर होता. आत्या चाचपडत दाराची कड शोधत राहिली. बाबा तसेच हात पुढे करून उभे होते, आणि तो तिला दिसत नाही हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.