चार पांढरे ठिपके

“काय रे आंधळ्या, ती चार माणसं तुला खरंच दिसली नव्हती?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शाळेतल्या एका मुलीने मला असं विचारलं. त्या दाराशी उभ्या राहून खुदुखुदु हसत होत्या. मी एक जुना, उष्णता टिपणारा कॅमेरा आहे, मित्रांनो. शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटावर धूळ खात पडलोय. माझ्या अंगावर ‘निकामी’ अशी चिठ्ठी आहे आणि ती चिकटवून मला शाळेला देऊन टाकलं तिच्याच बाबांनी. मैत्रिणींना हे ठाऊक होतं. म्हणून तर तिलाच पुढे ढकललं.

एके काळी माझीही ऐट होती. मी विमानाच्या पोटाला बसवलेला असे. रानात वणवा लागला की आम्ही वर घिरट्या घालायचो. धुरापलीकडचं मला लख्ख दिसे. आग म्हणजे पांढरा पट्टा, माणूस म्हणजे पांढरा ठिपका. पण विमानातून खाली चित्र पाठवायची वाट अरुंद. म्हणून विमानात माझ्याजवळ बसलेले तिचे बाबा बारीक ठिपके पुसून चित्र हलकं करत. तापलेले दगडही ठिपक्यांसारखेच दिसतात, तेव्हा तशी रीतच पडली होती. चित्र झटकन पोचे आणि साहेब त्यांची पाठ थोपटत.

त्या दुपारी ओढ्याकाठी चार ठिपके होते. ते चालत होते.

खालून रेडिओवर आवाज आला, “अहो, वर जेवायला बसलात का? चित्र कुठंय?”

“पाठवतो की. दगड पुसतोय,” बाबा म्हणाले.

चित्रात ओढा रिकामा दिसला. म्हणून खालच्यांनी वणव्याला अडवायला समोरून दुसरी आग लावली. चार ठिपके दोन पट्ट्यांच्या मध्ये इकडे धावले, तिकडे धावले, मग थांबले. मला पापण्या नाहीत, मित्रांनो. मी शेवटपर्यंत पाहिलं.

चौकशीत बाबा म्हणाले, “कॅमेऱ्याला दिसलंच नाही.” झालं. आंधळ्याच्या पोटात कोण हात घालणार? न पुसलेली नोंद माझ्यात तशीच राहिली.

तर तो प्रश्न विचारून तिने विज्ञानाच्या बाईंकडून वायर मागून घेतली आणि मला पडद्याला जोडलं. ते चार ठिपके पडद्यावर धावले, थांबले आणि दारातलं हसू विरलं.

माझ्यावरची धूळ नाही झटकलीत तरी चालेल, मित्रांनो. पण यंत्राला दिसलेलं आपल्या सोयीनं खोडू नका.

संध्याकाळी बाईंना विचारून तिने मला घरी नेलं आणि जेवायच्या टेबलावर ठेवलं. सगळी नोंद दाखवली.

“तापलेले दगड असेच दिसतात गं,” बाबा म्हणाले.

“मग त्या वणव्याच्या दिवशी घरी आल्यावर नळ सोडून तासभर बाथरूममध्ये का बसला होतात?”



“त्यांची नोकरी जाईल, कळतंय का तुला?” आई म्हणाली. “लोक दारात थुंकतील.”

“कळतंय.” तिने वायर गुंडाळून माझ्याशेजारी ठेवली. “उद्या मी शाळेत जाणार नाही. ही नोंद घेऊन त्या चौघांच्या घरी जाणार आहे. बाबा, तुम्ही आलात तर तुम्ही बोला. नाही आलात तर मी बोलेन.”