सांबारातला विठ्ठल

विठ्ठल माझ्या अंगात येतो, हे मला सोडून अख्ख्या कुंभकोणाला पटलं होतं.

झालं असं. शहाऐंशी सालची आषाढी एकादशी. आमच्या भजनमठात आरती झाली, मी देवापुढे मान लववली, आणि मानेतून पाठीत, पाठीतून दोन्ही हातांत सर्रकन करंट उतरला. उघड्या वायरीला हात लागावा तसा. "अय्यो!" म्हणून मी खालीच बसले. शेजारी थोरले दीर, वादिराजराव. मठ तेच चालवायचे. माझे थरथरणारे हात बघून त्यांनी स्वतःचे हात जोडले आणि ओरडले, "आला! आमच्या घरात आला!"

पुढच्या एकादशीला मान लववली, पुन्हा तेच. मग काय विचारता! शेजारच्या साक्कोट्टै गावाहून बायका यायला लागल्या. माझ्याहून वडील बायका माझ्या पाया पडायच्या, लेकींची लग्नं कधी जमतील म्हणून मलाच विचारायच्या. एवढी शतकं तमिळांत राहिलो तरी पांडुरंग आपल्याला विसरला नाही, असं म्हणत आमचे मराठी म्हातारे डोळे पुसायचे. त्यांचं मला खरंच वाईट वाटायचं. पण मी टाइपरायटिंगची मास्तरीण, माझं पोट बोटांवर. आणि ती बोटंच दगा द्यायला लागली होती. पोलक्याचे हूक लागेनात. पोरींना शिकवताना एक अक्षर दाबावं तर शेजारचंच उमटायचं.

मी दिरांना सांगितलं, "भावोजी, सांबार उकळलं का म्हणून पातेल्यात वाकून बघितलं तरी हाच करंट येतो. विठ्ठल काय सांबारात बसलाय?"

ते गदगदून म्हणाले, "जळी स्थळी तोच आहे, वेंकटलक्ष्मी!"

आता कपाळ बडवून घ्यावं की काय!

"मग त्याला माझी बोटं कशाला हवीत?"

"तो घेतो तेव्हा सगळंच घेतो, बाई."

"घेऊ देईन बरी!" म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेले. त्यानं गुडघ्यावर हातोडी मारली, पाय असा उडाला की त्याचा चष्मा वाचला हेच नशीब. मला मान खाली घालायला लावली, करंट कुठवर जातो ते विचारलं, आणि त्याचं तोंड उतरलं. मद्रासला जा, उशीर करू नका, म्हणाला.

मद्रासला पाठीत सुई घालून औषध सोडलं, फोटो काढले. मानेच्या मणक्यांच्या आत गाठ होती. हाताबोटांकडे जाणारी नसांची सगळी दोरी तिनं दाबून धरली होती. तिथले डॉक्टर वैद्यनाथ सरळ बोलणारे. म्हणाले, "गाठ वाईट जातीची वाटत नाही, पण जागा वाईट आहे. राहू दिली तर आज बोटं, उद्या हातपाय, पुढे श्वाससुद्धा. काढताना धक्का लागला तरी तेच होऊ शकतं. तुम्ही ठरवा."

ठरवायचं मी, पण आमच्या ह्यांनी पाहिलं भावाकडे! जन्माची खोड. वादिराजराव सोबत आलेच होते. त्यांचे डोळे भरून आले. माणूस दुष्ट नव्हता हो. म्हणाले, "देवाच्या खुणेला सुरी लावायची? चुकलं तर मानेखाली लाकूड होईल. घरी चल, पोरी. पडून राहिलीस तरी आम्ही सांभाळू. लोक दर्शनाला येतील."

दर्शनाला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी काय उत्सवमूर्ती आहे? हार घाला, पालखीत बसवा, आणि नाकावरची माशी हाकलायला दुसरा माणूस ठेवा! मेले तर मेले, पण मूर्ती होणार नाही." मग ह्यांच्याकडे वळले. "अहो, लग्न झाल्यापासून तुमच्या भावापुढे मान खाली घालत आले. आता ती मान माझी. डॉक्टरांना हो म्हणा."

हे डॉक्टरांच्या टेबलाशी सरकले. मग भावाकडे न बघता, बारीक आवाजात, तमिळमध्ये म्हणाले, "पण्णुंगो, डॉक्टर." करा म्हणून. लग्नानंतर हा माणूस मला पहिल्यांदा इतका आवडला.

भीती वाटली नाही असं कोण म्हणतंय? ऑपरेशनला आत नेताना मी ढसाढसा रडले. नर्सचा हात सोडवेना. सोडवेना कसला, धरताच येत नव्हता.

शुद्धीवर आले तेव्हा मानेला पट्टा, आणि हात चादरीवर पडलेले, कुणीतरी विसरून गेल्यासारखे. हलेनात. वैद्यनाथ म्हणाले, सूज आहे, वाट बघा. वाट बघितली. मग एका सकाळी उजव्या हाताला मुंग्या आल्या, हळूहळू ऊब आली, आणि अंगठा हलला. मी कुणाला सांगितलं नाही. चादरीखाली गुपचूप सराव करत राहिले.

वादिराजराव भेटायला आले. अंगारा आणला होता. खाटेशी बसले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "वेंकटलक्ष्मी, अजून येतो का गं? थोडासा तरी?"

"हात द्या, भावोजी," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्या भक्तिभावानं बोटं माझ्या तळव्यात ठेवली. मी मूठ आवळली. होता नव्हता तेवढा जीव एकवटून आवळली.

"विठ्ठला! अगं विठ्ठला! सोड, सोड!" दीर एका पायावर नाचायला लागले. नर्स धावत आली.

"आला हो आला!" मी म्हटलं. "आज तुमच्या अंगात आला."