भरलेली खोली

"मामंजी, शेण राहू द्या! हातपाय धुवा आणि पाहुण्यांच्या खोलीत जाऊन झोपा!"

म्हातारा पाटी घेऊन तसाच उभा राहिला. भाड्यानं द्यायला ती खोली बांधल्यापासून सुनेनं त्याला तिच्या उंबऱ्यालाही शिवू दिलं नव्हतं. आणि आज थेट गादीवर?

फाटकाशी एक जोडपं आलं होतं. बाई पोटुशी. फोनवर खोली सांगून ठेवलेली, तेव्हा सून साखरेसारखी गोड बोलली होती. पण काळेसावळे चेहरे आणि पत्र्याची पेटी दिसली नि तिनं नाक मुरडलं. खोली भरलीय, असं सांगून मोकळी झाली. तर ती दोघं म्हणाली, रिकामी होईपर्यंत थांबतो.

"आपल्यातले दिसत नाहीत," सून कुजबुजली. "ते कंटाळून जाईपर्यंत पाहुणे बनून पडा. तोंड उघडू नका."

म्हातारा पंख्याखाली पडला. काय ती गादी! पण खिडकीतून विहिरीचा कट्टा दिसत होता, आणि ती पोटुशी पोरगी तिथं उन्हात पाय चोळत बसली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग अंगात खोडी शिरली.

"अहो मालकीणबाई, चहा आणा!"

सून दातओठ खात चहा घेऊन आली.

"साखर कमी आहे. दुसरा करा."

तेवढ्यात एक लांबलचक गाडी आली. आतली माणसं गोरीगोमटी. सून पदर सावरत धावली. "या, या! खोली रिकामीच आहे!"

पोरीचा नवरा कट्ट्यावरून उठला. "बाई, मघाशी तर भरलेली होती?"

"म्हणजे... ते पाहुणे निघालेच आता."

"कोण निघालं?" म्हातारा खिडकीतून गरजला. "आठ दिवस हलत नाही मी! सोडलीच खोली, तर आधी आलेल्यांसाठी सोडीन. नाहीतर सांगू का सगळ्यांना, मी कोण ते?"

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "नको! द्या त्यांनाच."

गाडी निघून गेली. पेटी आत आली. पोरगी संकोचून म्हणाली, "आजोबा, आमच्यामुळं तुमची गैरसोय झाली. आता कुठं उतरणार?"

"माझी सोय जवळच आहे गं."

असं म्हणून पाहुणेबुवा सगळ्यांच्या देखत सरळ गोठ्यात शिरले आणि त्यांनी शेणाची पाटी उचलली. पोरीचा नवरा आधी बघतच राहिला, मग पोट धरून हसत सुटला. सुनेनं घरात जाऊन दार लावून घेतलं.