अठरा पॉइंट नऊ

संजीवनीनं डॉक्टर मॅडमच्या टेबलावर लाडवांचा डबा ठेवला आणि त्यांनी काही विचारायच्या आत झाकण स्वतःच उघडलं. खारीक, तीळ, गूळ, वरून जायफळ. दवाखान्यातल्या फिनेलच्या वासाचंही त्यापुढं काही चाललं नाही.

"घ्या मॅडम. यांचा रिपोर्ट लय मस्त आला."

शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा शेखर गुडघे धरून बसला होता. जानेफळात त्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. त्या कामानं काळी पडलेली बोटं बुलडाण्याला यायचं म्हणून सकाळी घासून घासून धुतली होती, तरी काळीच होती.

"मस्त आला असं कुणी सांगितलं?" डॉक्टर मॅडमनी चष्मा लावत विचारलं.

"मीच पाह्यला. मी आशा वर्कर आहो ना गावात. हिमोग्लोबिन अठरा पॉइंट नऊ!"

संजीवनीच्या कामाची सगळी वर्षं या एका आकड्यामागं धावण्यात गेली होती. गावातल्या गरोदर बाया म्हणजे सात, आठ, फार तर साडेनऊ. कुणाचं अकरा आलं की ती त्या बाईच्या सासूलाही बोलावून सांगायची. लोहाच्या लाल गोळ्या घरोघरी वाटायची, आणि 'घेतल्या नं ताई' म्हणणारीच्या खिडकीखाली त्याच गोळ्या पडलेल्या पाहून कपाळाला हात लावायची. "माह्यासंगं खोटं बोला," ती म्हणायची, "रक्तासंगं कशा बोलसान?"

त्यात हा अठरा पॉइंट नऊ. लॅबमधून कागद हातात पडला तेव्हा तिनं तो आधी अंगणवाडीत नेला. अंबूबाई, जिचं स्वतःचं रक्त कधी नऊच्या वर चढलं नाही, कागद उलटा धरून म्हणाली होती, "काय वं संजीवनी, सारं नवऱ्यालेच खाऊ घालून राह्यली काय?" सगळ्या हसल्या. संजीवनीही हसली. पण ते खरंच होतं. बीट, अंबाडी, शेवग्याचा पाला, आणि वरून तिच्या पिशवीतल्या दोन लाल गोळ्या रोज.

दोन वर्षांपूर्वी शेखरच्या मेंदूच्या बुडाशी असलेली गाठ काढली होती. गाठ साधी निघाली, पण जाताना ती शरीराचं एक काम घेऊन गेली. पुरुषाचं म्हणून जे काही अंगात तयार होतं, ते व्हायचं थांबलं. दाढी वाढेना. दुकानात बसल्या बसल्या डोळा लागे. गिऱ्हाईक शिवी देऊन गेलं तरी हा "बरं" म्हणे. रात्री भिंतीकडं तोंड. मग त्याचंच इंजेक्शन सुरू झालं, दर तीन आठवड्यांनी, उपकेंद्रातल्या सिस्टरच्या हातून, आणि माणूस हळूहळू परत आला. एकदा भाजीत मीठ नाही म्हणून त्यानं ताट सरकवलं, तेव्हा संजीवनी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून हसली होती.

डॉक्टर मॅडम मात्र हसत नव्हत्या. त्यांनी रिपोर्ट तिच्याकडं फिरवला आणि पेनाचं टोक एका ओळीवर ठेवलं.

"ताई, बाईचं आठ ही जशी काळजी, तशीच पुरुषाचं अठरा पॉइंट नऊ हीसुद्धा काळजीच. ही खालची ओळ वाचली? रक्तात पेशींचा वाटा किती, ते यात कळतं. सत्तावन्न टक्के. चोपन्नच्या वर गेलं की आम्ही इंजेक्शन थांबवतो. रक्त घट्ट झालंय. गुठळी होऊन मेंदूत गेली, तर अर्धं अंग जाऊ शकतं."

संजीवनीनं डब्याचं झाकण उचललं, आणि ते लावायचं की नाही हे न कळून हातातच धरून ठेवलं.

"मंग ते माह्या गोळ्याईनं झालं मॅडम," ती म्हणाली. "लोहाच्या देत होती मी. दोन दोन."

"त्या आजपासून बंद. पण गोळ्यांनी एवढं चढत नाही. हे इंजेक्शनचं काम आहे." त्या शेखरकडं वळल्या. "डोकं दुखतं? चेहरा नेहमी असा लाल असतो?"

"नाही दुखत," शेखर म्हणाला. चेहऱ्याचं त्यानं काही सांगितलं नाही. तो भाजलेल्या विटेसारखा झाला होता, आणि गावात कुणी विचारलं की संजीवनी सांगायची, तेज आलं.

"रक्त दिलं तेव्हा मागच्या इंजेक्शनला किती दिवस झाले होते?"

"तीन आठवडे होतच आले होते," संजीवनी म्हणाली. "पुढचं तोंडावर आलं होतं. तुमी सांगतलं तसंच."

डॉक्टर मॅडमनी पान उलटलं. त्या बराच वेळ एकाच आकड्याकडं पाहत राहिल्या.

"इंजेक्शन घेतलं की पुरुषी हार्मोनचा हा आकडा चढतो आणि मग उतरत जातो. पुढच्या इंजेक्शनच्या तोंडावर रक्त काढायला मी मुद्दाम सांगते, म्हणजे तळ कळतो. तळाला तीनशे-चारशे असलं तरी मला चालतं. इथं अकराशे आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "विहीर आटायच्या दिवसात ही काठोकाठ कशी?"

शेखर नखातलं काळं काढायला लागला होता. एका बोटाचं झालं, की दुसऱ्या.

"माहीच चूक मॅडम," संजीवनी म्हणाली. "सिस्टर सुट्टीवर जाणार होती. अन् माहं प्रशिक्षण होतं मेहकरले. म्हून रक्त द्याच्या दोन दिवस आधीच घेऊन टाकलं इंजेक्शन. सांगाचं राह्यलं."

"असं होय." डॉक्टर मॅडमच्या कपाळावरची आठी गेली आणि लगेच दुसरी, अधिक खोल आठी आली. "म्हणजे हा तळ नाही, शिखर आहे. डोस बरोबर आहे. मग मला वेगळीच शंका येते. बरोबर डोसवरही रक्त इतकं घट्ट होत असेल, तर कारण दुसरीकडं शोधायला हवं. हाडाच्या आतल्या मगजाचा आजार असू शकतो. नागपूरला पाठवते. तिथं कमरेच्या हाडात सुई घालून तपासतात. आणि इंजेक्शन मग बहुतेक कायमचंच बंद."

त्या लिहायला लागल्या. आपण बोललेलं खोटं कागदावर उतरताना, त्याच्यापुढं नागपूर आणि कमरेतली सुई लागताना संजीवनी पाहत होती. आता ते मागं घ्यायचं तर नवऱ्याला उघडं पाडायचं. डब्याचं झाकण तिच्या हातात तापलं होतं.

"मॅडम, लिहू नका," शेखर म्हणाला. "हे खोटं बोलून राह्यली."

पेन थांबलं.

"सिस्टरचं घेतो तीन आठवड्याले. मधात एक आखीन घेतो. पंजाबराव आहे, मेडिकलवाला, त्याच्या हातून. दिवाळीपासून."

"पण का?"

त्यानं डॉक्टरांकडं पाहिलं नाही, बायकोकडंही नाही. तो लाडवांशी बोलल्यासारखा बोलला.

"तिसऱ्या आठवड्यात उतरते ते. मोटार चालू असते, पण पाणी नाही फेकत. मले समजते. मंग भेव लागते. पुन्हा तसाच झालो तं."

डॉक्टर मॅडमनी कागद फाडला आणि दुसरा घेतला.

"नागपूर नको. आज रक्तपेढीत जाऊन एक पिशवी रक्त काढून घ्यायचं. तीन महिने इंजेक्शन नाही. परत रक्त तपासू, आणि उतरलं असेल तर थोडं थोडं, दर आठवड्याला सुरू करू. म्हणजे चढ-उतार इतका जाणवणार नाही."

"तीन महिने," शेखर म्हणाला.

"तीन महिने. सांगताय म्हणून निदान तेवढ्यावर सुटताय." त्या संजीवनीकडं वळल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही," संजीवनी म्हणाली.

डॉक्टर मॅडमनी एक लाडू उचलून फाडलेल्या कागदावर ठेवला. "बाकीचे गावातल्या बायांना वाटा. त्यांना गरज आहे."

रक्तपेढी मागच्या गल्लीत होती. शेखर आडवा झाला आणि नळीतून रक्त पिशवीत उतरू लागलं, काळपट, सावकाश, मोटारीतून काढलेल्या जुन्या ऑइलसारखं. संजीवनीनं तिथल्या सिस्टरला विचारलं, "हे कोणाले देता का हो सिस्टर?" सिस्टर म्हणाली, असं काढलेलं देत नसतात, टाकून द्यावं लागतं. मागच्या बाळंतपणात अंबूबाईच्या सुनेसाठी एक पिशवी मिळवताना संजीवनी याच दारात दुपारभर उभी होती. पिशवी भरेपर्यंत ती नुसती पाहत राहिली.

नंतर बाहेरच्या बाकावर दोघं बसले. सिस्टरनं कोपरावर कापूस देऊन दाबून धरायला सांगितलं होतं. शेखरचा रंग जरा उतरला होता. इंजेक्शनचा असर अजून उतरला नव्हता, पण त्याच्याकडं पाहिलं की संजीवनीला ती जुनी भिंत दिसत होती, आणि त्या भिंतीकडं तोंड करून झोपलेला माणूस.

"तुले एवढ्या लवकर सुचलं कसं वं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"खोटं. मी अजून मान वर करतो न करतो, तं तू सिस्टरले सुट्टीवर बी पाठोलं. जसं काय तयारच ठेवलं होतं."

संजीवनी रस्त्याकडं पाहत होती. एक रसवंतीवाला उसाची चिपाडं पुन्हा चरकात घालत होता.

"पाठ कोन घासते तुमची?" ती म्हणाली. "सिस्टर नेहमी कमरेखाली उजवीकडं टोचते. टोचल्याची खून डावीकडं होती."

शेखरनं तिच्याकडं पाहिलं.

"दिवाळीपासून?"

"दिवाळीपासून."

"मंग बोलली काऊन नाही?"

दिवाळीपासून एकाही रात्री त्याचं भिंतीकडं तोंड झालं नव्हतं. तिचे कान तापले. त्याच्या कोपरावरचा कापूस मधोमध लाल होत चालला होता, अंगठा सैल पडला होता. तिनं तो बाजूला केला आणि आपला अंगठा तिथं टेकवला, चांगला जोर देऊन.

"बोल ना वं."

"दाबू द्या," संजीवनी म्हणाली. "अजून थांबलं नाही."