सासू-जावयामधली तांबडी

मी तांबडी बोलतेय. नाव ऐकून गाय समजू नका. मला चार रुंद टायर आहेत, मोटरसायकलसारखं हँडल आहे, पुढे-मागे सामान बांधायला लोखंडी जाळ्या आहेत, आणि छप्पर म्हणाल तर आभाळ. चिखल, दगडगोटे, नदीचं पात्र, मला काही वर्ज्य नाही. उत्तर ध्रुवाकडच्या या किनाऱ्यावर गावात रस्ता एकच आणि गाव संपलं की तोही संपतो. त्यामुळे इथे जवळजवळ प्रत्येक घरासमोर माझी एखादी बहीण उभी असते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी जहाजाच्या पोटात, लाकडी खोक्यात होते. उन्हाळ्यात समुद्रावरचं बर्फ फुटलं की ते जहाज येतं आणि गावाचं वर्षाचं सामान टाकून जातं. मोसेसीनं दगडाची अस्वलं कोरून, विकून मला घेतलं. खोकं फोडून माझा रंग पाहिला आणि म्हणाला, "ये तांबडे." तेच नाव पडलं.

मोसेसीबरोबर माझे फार चांगले दिवस गेले. तो पुढे, त्याची बायको किल्लाक मागे, आणि परतताना जाळीवर कॅरिबू हरणाचं मांस. चढ आला की तो माझ्याशी बोलायचा, जनावराशी बोलावं तसं. मग एका हिवाळ्यात तो गेला. तो सगळा हिवाळा मी बर्फाखाली गाडलेली होते. मला कुणी हात लावला नाही, आणि मलाही कुठे जावंसं वाटलं नाही.

बर्फ उतरल्यावर मला बाहेर काढलं ते इनुकीनं. इनुकी म्हणजे लीटियाचा, किल्लाकच्या लेकीचा नवरा. दुसऱ्या गावचा, कमी बोलणारा, हात कामाचे. तो सासरीच राहायला आला होता.

आता इथे एक जुनी रीत सांगायला हवी. सासूनं जावयाशी आणि जावयानं सासूशी थेट बोलायचं नाही. यात राग नसतो, उलट मान असतो. गावातल्या बहुतेक घरांनी ही रीत कधीच सोडली. किल्लाकनं सोडली नव्हती, आणि इनुकीचं घराणंही त्याच वळणाचं. एकाच ताटलीतले मासे खायचे, पण मिठाची पुडी हवी असली तर लीटियाला सांगायचं. ती बिचारी दोघांमध्ये शब्द वाहून दमायची.

मग लीटियाला दिवस गेले. आमच्या गावात बाळंतपणाची सोय नाही, म्हणून दिवस भरत आले की बायांना विमानानं लांबच्या शहरात पाठवतात. लीटिया गेली आणि घरात उरले ते सासू आणि जावई. दोघं मुक्यासारखे वावरू लागले. शेवटी किल्लाकनंच वाट काढली. चहाचा मग घेऊन ती बाहेर आली, माझ्या जाळीवर ठेवला आणि मला म्हणाली, "तांबडे, चहा गार होतोय गं." इनुकी शेजारीच जाळं विणत बसला होता. त्यानं मग उचलला आणि माझ्या टाकीकडे बघून म्हणाला, "तांबडे, चहा छान झालाय म्हणून सांग."

लेकी बोले सुने लागे म्हणतात, ते हेच. तेव्हापासून दोघांचे सगळे निरोप माझ्या मार्फत. सीलचं मांस संपलं, छत गळतंय, लीटियाचा फोन आला, मुलगी झाली. ही शेवटची बातमीसुद्धा किल्लाकनं आधी मला सांगितली. इनुकी माझ्या चाकाशीच उभा होता. त्यानं माझ्या सीटवर एवढ्या जोरात थाप मारली की आतली स्प्रिंग अजून कुरकुरते.

त्याच आठवड्यात माझं दुखणं बाहेर आलं.

नदीवरून मासे घेऊन आम्ही उतारानं खाली येत होतो. वर पठारावर विमानतळ, तिथून रस्ता सरळ समुद्राकडे उतरतो आणि अगदी पाण्याजवळ वळतो. वळणावर इनुकीनं ब्रेक दाबला. ब्रेकची दांडी मऊ लोण्यासारखी मुठीपर्यंत आली आणि मी थांबलेच नाही. त्यानं पाय घासले, मला वाळूत घातलं. आम्ही वाचलो, अर्धे मासे मात्र पुन्हा पाण्यात गेले.

किल्लाकनं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. ती आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "तांबडे, माझ्या नातीला याच रस्त्यानं आणायचंय. तिलाही असंच पाण्यात नेणार का?"

इनुकी मान खाली घालून मला म्हणाला की सासूबाईंचं बरोबर आहे. दुसरी गाडी मागावी तर सगळे शिकारीला गेलेले, आणि किल्लाकला दुसरी गाडी नकोच होती. नात पहिल्यांदा घरी येणार ती मोसेसीच्या तांबडीवरून, हे तिनं मनाशी ठरवलेलं होतं. विमान दुसऱ्या दिवशी येणार होतं.

माझ्या ब्रेकचं तेल मोसेसीच्या काळापासून बदललं नव्हतं. हे तेल हवेतली ओल पीत राहतं आणि एक दिवस दगा देतं. हँडलावरच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडलं तेव्हा आत काळ्या चहासारखं काहीतरी होतं. इनुकीनं ते पिचकारीनं ओढून काढलं, डबी पुसली आणि नवं तेल ओतलं. दुकानात नव्या तेलाची एकच बाटली मिळाली होती. पुढची जहाजाबरोबर, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात.

राहिली ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायची; ती राहिली तर दांडी मऊच राहते. हे काम दोघांचं. एकानं हँडलावरची दांडी दाबून धरायची, दुसऱ्यानं चाकाशी पडून पान्यानं निपल, म्हणजे तेल सोडायचा पोकळ स्क्रू, सैल करायचं, की नळीतून जुनं तेल आणि बुडबुडे बाहेर येतात. निपल पुन्हा आवळेपर्यंत दांडी सोडायची नाही. सोडली तर बाहेरची हवा आत शिरते आणि केलेलं सगळं पाण्यात. घरात दोघं होतेच. किल्लाक हँडलाशी उभी राहिली, इनुकी मागच्या चाकाखाली गेला.

"तांबडे, दाबलं का?" त्यानं विचारलं.

किल्लाकनं दांडी दाबली आणि भुवया वर केल्या. इथल्या लोकांचा होकार हा असा. भुवया उंचावल्या की हो, नाक आक्रसलं की नाही, तोंड कशाला शिणवायचं? पण इनुकी तर चाकाखाली. त्याला भुवया कुठून दिसणार? तो वाट बघत राहिला. तिला वाटलं, झालं असेल, म्हणून तिनं हात सैल केला. नेमकं तेव्हाच त्यानं निपल उघडलं. मी घटाघटा हवा प्यायले. पोटात वारा धरल्यासारखं झालं.

पुन्हा तेच. त्यानं विचारावं, तिनं भुवया उंचवाव्यात, आणि मी हवा प्यावी. मी मेली लोखंडाची, ओरडून सांगता येईना. दांडी आधीपेक्षा मऊ झाली आणि बाटली तळाशी गेली.

इनुकी उठून बसला. हात तेलानं माखलेले. तिच्याकडे बघायचं नाही म्हणून तो माझ्या दिव्याकडे बघत म्हणाला, "तांबडे, तू हो म्हणतेस की नाही म्हणतेस, मला कळत नाही. इथून तुझं तोंड दिसत नाही गं." बाटलीत उरलं होतं ते शेवटचं.

मोसेसी बसायचा त्या सीटवरून किल्लाकनं हात फिरवला. मग दोन्ही हातांनी दांडी घट्ट दाबली.

"धरलंय, जावई," ती म्हणाली. "उघडा."

चाकाखाली पाना थांबला. मग तो फिरला.

"बंद केलं. सोडा आता," इनुकी म्हणाला. माझं नाव न घेता.

त्यानंतर दोघांना लय सापडली. धरलंय. उघडतोय. बंद. सोडा. बुडबुडे कमी होत गेले आणि नळीतून मधाच्या रंगाचं स्वच्छ तेल येऊ लागलं. शेवटच्या चाकाला बाटली रिकामी झाली आणि दांडी दगडासारखी घट्ट झाली. एक थेंब माझ्या रंगावर सांडला. किल्लाकनं लगेच पाण्यानं पुसला, तरी डाग राहिला. तो मी दागिन्यासारखा मिरवते.

काम संपलं आणि रीत परत आली. संध्याकाळी चहा पुन्हा माझ्या जाळीवर. मला वाटलं, एवढंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी विमान उतरलं. लीटियाच्या अंगरख्याच्या झोळीसारख्या मोठ्या टोपीत, पाठीशी, बाळ झोपलं होतं. नाव आधीच ठरलेलं, मोसेसी. गेलेल्याचं नाव मुलाला द्यायचं की मुलीला, हा प्रश्न इथे कुणाला पडत नाही; माणूस परत आला म्हणजे झालं. किल्लाक टोपीत वाकून म्हणाली, "आलात का? तुमची तांबडी आणलीय." आणि ती रडली, सगळ्यांसमोर.

इनुकी पुढे, मध्ये लीटिया आणि बाळ, मागे जाळीवर किल्लाक. आम्ही उताराला लागलो. खाली समुद्र चमकत होता. वळण जवळ आलं तसा इनुकी, मान न वळवता, म्हणाला, "बाळाला धरलंत ना?"

किल्लाकनं भुवया उंचावल्या. मग तिला आठवलं.

"धरलंय, जावई. तुम्ही दाबा."

त्यानं दाबला. मी वळणाआधीच थांबले, इतकी हळुवार की बाळ जागंसुद्धा झालं नाही. लीटिया मात्र एकदा नवऱ्याकडे आणि एकदा आईकडे बघत राहिली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा रंग उडालाय, एका दिव्याला दिसत नाही. छोटी मोसेसी माझ्या सीटवर बसून तोंडानं इंजिनाचा आवाज काढते. ब्रेकचं तेल दर उन्हाळ्यात बदलतात, तेच दोघं, त्याच लयीत. चहा गार होतोय हे सांगायला किल्लाकला आता माझी गरज लागत नाही. थोडं चुकल्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू? पण बरं वाटतं ते त्याहून जास्त.

एवढंच मागणं आहे. कधी कुणाच्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायला हात लावलात, तर नुसत्या भुवया उंचावू नका. चाकाखाली पडलेल्या माणसाला तुमचं तोंड दिसत नसतं.