पश्चिमेची काच

आबांनी ती खिडकी धुळ्याच्या एका बंगल्यात पाहिली होती. भिंतभर, अख्ख्या काचेची. जळगावात घर बांधताना सुताराने लाकडी झडपा सुचवल्या, तेव्हा त्यांनी त्याला हसून वाटेला लावलं. दर्शनी बाजू झाकेल म्हणून वर छज्जाही ठेवला नाही. भिंत पश्चिमेची होती.

कुंदाताई पहिल्या बाळंतपणाला मे महिन्यात माहेरी आली आणि तिला हीच खोली मिळाली. दुसरी खोली म्हणजे पत्र्याखालचं स्वयंपाकघर, ते याहून तापायचं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आईने दाराच्या फटींतही चिंध्या कोंबल्या होत्या.

बाळ आठवड्याचंही नव्हतं. त्या दुपारी ते दूध ओढेना. काखेत थर्मामीटर लावला तर एकशे दोन. सकाळीच डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली थंड करा, नाहीतर हे हातचं जाईल. मी दार उघडायला गेले तशी आई आडवी आली.

"उघाडू नको. तिले वारा लागी जाई."

आईची सख्खी बहीण बाळंतपणातच गेली होती. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आबांनी काचेला आतून घोंगडी लावली होती. अंधार केला की गारवा येतो, असा त्यांचा समज. मी सांगितलं, ऊन काचेतून आत येऊन चुकलंय, आता घोंगडीच शेगडीसारखी तापतेय. ते बाहेरच अडवायला हवं, ओली पोती टांगून. वाराही आत येणार नाही. आबा म्हणाले, तापल्या काचेवर पाणी पडलं की ती तडकते, एवढं तरी कॉलेजात शिकवलं असेल. शिकवलं होतं, म्हणूनच पोती काचेपासून हातभर लांब, दोरीवर हवी होती. पण त्यासाठी नव्या भिंतीत खिळे ठोकावे लागणार होते.

"समोरून झोपडी दिसेल," म्हणत ते बाहेर पडले.

ताई सगळं ऐकत होती. तिने घोंगडीला हात लावून पाहिला आणि ती ओढून खाली पाडली. खोलीभर ऊन आलं. बाळाला छातीशी धरून, काचेला पाठ लावून ती उभी राहिली. त्याच्यापुरती सावली झाली.

मी पोती, दोरी आणि हातोडा घेऊन अंगणात गेले, तर आबा खिडकीसमोर थिजले होते. काचेला लेकीचं भिजलेलं पोलकं चिकटलं होतं. बाजूला हो म्हणून त्यांनी काच वाजवली. ताई हलली नाही. मग त्यांनी माझ्या हातातून हातोडा घेतला. पहिल्याच खिळ्याला गिलाव्याचा पोपडा पडला. पिण्याचा हंडा पोत्यांवर रिकामा करताना त्यांनी विचारलं, "किती वेळ लागंल?"

मी ओलं पोतं दोरीवर पसरलं.

हळूहळू काच हाताला सोसवू लागली. ताईला खाली बसवलं. आईने न सांगता बाळाची कुंची काढली आणि कापसाने त्याच्या ओठांवर दूध पिळलं. ते कडेने ओघळलं. पुन्हा पिळलं, पुन्हा ओघळलं. हंडा संपला तसे आबा शेजाऱ्यांच्या दारी पाणी मागायला गेले.

ऊन कलल्यावर केव्हातरी बाळाचा गळा हलला.

"गिळलं," आई म्हणाली आणि तिने कापूस पुन्हा दुधात बुडवला.