आत्याचं उजवं कोपर

छोटीच्या घरच्या फोटोंमध्ये आत्या गेली चाळीस वर्षं कोपराच्या रूपाने वास करून होती. भावाच्या लग्नात कोपर, नव्या घराच्या दारात कोपर, आणि एका सहलीत तर नुसतीच पर्स. कारण घरातला एकमेव कॅमेरा तिचा होता. सगळ्यांना दाटीवाटीने उभं करून ती बटण दाबायची आणि दहा सेकंदांत धावत येऊन जागा उरेल तिथे, म्हणजे उजव्या टोकाला, घुसायची. फोटोत ती अख्खी असायची. पण अल्बम लावताना कुणीतरी कात्री उचलायचं आणि म्हणायचं, "थोडं इकडून छाटू." इकडून म्हणजे आत्याकडून.

छोटी आता छत्तीस वर्षांची होती आणि एका छापखान्यात पुस्तकांची पानं लावत होती. घरच्यांनी मात्र तिचं नाव वयाप्रमाणे वाढवून दिलं नव्हतं. बाबांच्या पंचाहत्तरीसाठी ती फोटोंचं पुस्तक करतेय हे कळताच आत्याचा फोन आला.

"शेवटच्या पानावर मी निवडलेले तीन फोटो घे. एका ओळीत, एका उंचीचे. आणि माझा केसही कापला जाता कामा नये."

"आत्या, थोडं तर छाटावंच लागतं गं."

"मग समारंभाला मी येत नाही. कोपर पाठवीन. तुम्हाला तेवढंच लागतं."

आत्या बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती. सत्तावीस वर्षं बीजगणित शिकवल्यावर माणसाला वेगळं वागताच येत नाही. आणि बहीण शेजारी नसेल तर बाबा केकला सुरी लावणार नाहीत, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

नववीत छोटी आत्याच्याच वर्गात होती. एकदा तिने उभं राहून विचारलं होतं, "बाई, हे आयुष्यात कुठे लागणार?" आत्या फळ्यावरून मान न वळवता म्हणाली होती, "कळवते." त्याला बावीस वर्षं झाली. अजून काही कळलं नव्हतं.

छापखान्याचे मालक, म्हणजे सगळ्यांचे काका, चारला मशीन सुरू करणार होते. दोन वाजेपर्यंत छोटीने पान सात वेळा लावून मोडलं. तिचा डोळा मोजपट्टीसारखा आहे असं काका म्हणायचे, आणि चौदा वर्षांत तिलाही ते पटलं होतं. पण पहिला फोटो आडवा, दुसरा चौकोनी आणि तिसरा उभा. एकाची उंची जमली की दुसऱ्याची बिघडायची. शेवटी तिने संगणकावरचं 'आपोआप जुळवा' दाबलं. पान क्षणात सुरेख जुळलं. तीन फोटो, तीन कोपरं.

"छान आहे की!" काका म्हणाले. "छाटल्याशिवाय पान लागतं का कुठे?"

"काका, या बाईला छाटलं तर ती मला छाटेल."

"कोण बाई?"

"मी," दारातून आवाज आला. आत्या चपला काढून, चष्मा चढवून आत आली आणि एका रद्द पानाची कोरी बाजू पुढे ओढून बसली. "उंची किती हवी?"

"तेच तर कळत नाहीये!"

"मग तिला क्ष म्हण."

"आत्या, मी तुझ्या वर्गात बसलेय हं."

"बसली होतीस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आडव्याची रुंदी उंचीच्या किती पट?"

छोटीने मोजलं. "दुप्पट. चौकोनी सारखाच. उभ्याची निम्मी."

"मग?"

"दोन क्ष, एक क्ष, अर्धा क्ष... साडेतीन क्ष!" छोटी खुर्चीतच उडाली. "पानावर जागा बावीस सेंटिमीटर. भागिले साडेतीन. सहा पूर्णांक... पुढे संपतच नाही. असू दे!"

तिने आकडा घातला. तिन्ही फोटो एका उंचीचे झाले आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने पानाची उजवी कड पाहिली. तिसरा फोटो सेंटिमीटरभर पानाबाहेर गेला होता. शिडीवर बाबा दिवा लावताना सुखरूप होते. खाली शिडी धरणाऱ्या आत्याचं फक्त कोपर पानावर उरलं होतं.

काका उगाच शाईचा डबा पुसायला लागले.

"तुमच्याकडे फोटो एकमेकांच्या मांडीवर बसतात का?" आत्याने शांतपणे विचारलं.

छोटीने कपाळावर हात मारला. "मधल्या जागा! दोन, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरच्या. त्या मी धरल्याच नाहीत!" बावीसातून एक गेला, एकवीस. भागिले साडेतीन. "सहा! आत्या, सहा! अख्खा सहा!"

बारा, सहा आणि तीन सेंटिमीटर रुंदीचे फोटो पानात अलगद बसले. उजव्या टोकाला, धावल्याने विस्कटलेल्या केसांसकट, आत्या उभी होती. काकांनी पट्टी लावून पाहिली, उलटी करून पुन्हा लावली आणि मशीनवाल्याला हाक मारली, "अरे, लवकर ये! न छाटता पान लागलंय!"

समारंभात बाबा शेवटच्या पानावर बराच वेळ थांबले. फोटो पाहिले, बहिणीकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिले.

"अगं, शिडी तू धरली होतीस? मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगतोय की ती आपोआप उभी होती."

आत्याने त्यांच्या हातात सुरी दिली. मग सगळ्यांना केकमागे दाटीवाटीने उभं केलं आणि कॅमेरा टेबलावर ठेवला. ती बटण दाबणार तोच छोटीने तिला मागे ओढून बाबांच्या शेजारी, अगदी मध्यभागी उभं केलं, बटण स्वतः दाबलं आणि धावत येऊन उजव्या टोकाला घुसली.

"छोटे," समोर बघत, ओठ न हलवता आत्या म्हणाली, "नववीत तू काहीतरी विचारलं होतंस."

"हो."

"कळवलं."

फोटोत सगळे हसताना आले आहेत. छोटीचं कोपर तेवढं हललंय.